घराच्या ऊर्जेचा वर्षाचा हिशेब कसा मांडावा: नागपूरकरांसाठी

कोराडी रस्त्याने उत्तरेकडे निघाले की शहर पुरते मागे पडण्याआधीच औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दिसू लागतात. १९७४ साली सुरू झालेल्या या केंद्रात आज ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच चालतात. जवळच्या खापरखेड्याचे १३४० मेगावॉट त्यात मिळवले, तर नागपूरच्या वेशीवर तीन हजार मेगावॉटहून अधिक क्षमता कोळशावर उभी आहे. आपल्या घरातला पंखा नेमका कोणत्या केंद्राच्या विजेवर फिरतो हे सांगता येत नाही, कारण कोयनेची जलविद्युत, तारापूरची अणुवीज, साताऱ्याकडची पवनवीज आणि विदर्भातली कोळशाची वीज एकाच जाळ्यात मिसळते. तरीही देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी तीनच्या आसपास युनिटे कोळशातून येतात, आणि त्यातला मोठा धूर व मोठी राख आपल्या भागाच्या वाट्याला येते. त्यामुळे ऊर्जेचा प्रश्न हा दूरच्या कुठल्या परिषदेचा विषय आहे असे निदान नागपूरकराने तरी मानू नये.

या लेखात आपल्या घराचा वर्षभराचा ऊर्जा-हिशेब मांडण्याची आणि त्यावरून काय, कोणत्या क्रमाने बदलावे हे ठरवण्याची पद्धत दिली आहे. क्रमाला मी फार महत्त्व देतो. अनेक घरांत आधी छतावर सौर पॅनेल बसतात आणि मग वीज फुकटच आहे म्हणून दुसरा एसी येतो. असे झाले की खर्चही होतो आणि कोळसाही पूर्वीइतकाच जळतो. आधी मोजणे, मग घरात शिरणारी उष्णता अडवणे, मग उपकरणे बदलणे आणि शेवटी सौर, असा क्रम धरावा.

बिलाची मागची बाजू आणि एक वही

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि गेल्या बारा महिन्यांची बिले काढावीत. बिले सापडत नसतील तर ताज्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, आणि ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावरही जुनी बिले मिळतात. बिलातली रक्कम सध्या बाजूला ठेवावी. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क यांची बेरीज होऊन ती रक्कम बनते आणि दर बदलले की तुलना बिघडते. आपल्याला हवा आहे तो केवळ 'एकूण वापर' हा युनिटांचा आकडा. मीटर वाचन न होता सरासरीवर दिलेले बिल असेल तर त्यावर खूण करावी आणि पुढच्या महिन्याशी जोडून दोघांची सरासरी लिहावी.

एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालणे, हे शाळेत शिकवले जाते, पण त्याचे मोल लक्षात राहत नाही. एक धडधाकट माणूस दिवसभर राबला तर त्याच्या श्रमातून अर्ध्या युनिटाच्या आसपास काम निघते. म्हणजे महिन्याला तीनशे युनिटे वापरणाऱ्या घरात रोज वीस अदृश्य मजूर राबत असतात. एवढी सोय याआधीच्या कोणत्याही पिढीला मिळाली नव्हती, आणि तिची किंमत कुठेतरी मोजली जातेच.

उदाहरणासाठी माझ्याच घराचा हिशेब देतो. चार माणसे, वरच्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर, एक कूलर, एक दीड टनाचा एसी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दरमहा १४० युनिटे, मार्चमध्ये २१०, एप्रिलमध्ये ३६०, मेमध्ये ४५०, जूनमध्ये ४००, जुलैमध्ये २६०, ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये प्रत्येकी २३० आणि ऑक्टोबरमध्ये २२०. वर्षाची बेरीज २९२० युनिटे झाली.

आता हिवाळ्यातला सर्वांत कमी आकडा घेऊन त्याला बाराने गुणावे. माझ्या घरी १४० गुणिले १२ म्हणजे १६८०. हा घराचा पायाभूत वापर झाला: फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, टीव्ही, गिझर. उरलेली १२४० युनिटे, म्हणजे एकूण वापराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक वीज, केवळ उन्हाशी आणि पावसाळ्यातल्या उकाड्याशी झुंजण्यात गेली. नागपूरच्या बहुतेक घरांत हेच चित्र निघेल असे मला वाटते, आणि म्हणूनच मुंबई-पुण्यासाठी लिहिलेले वीजबचतीचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपली बचत मार्च ते जून या चार महिन्यांत दडलेली आहे.

मीटरचा लाल दिवा मोजणे

बिलावरून किती वीज गेली हे कळते, कशावर गेली हे कळत नाही. त्यासाठी बाजारात मिळणारे वॉटमीटर विकत घेण्याची गरज नाही, कारण घराच्या मीटरवरच एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज गेली की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो, एवढाच त्याचा अर्थ.

रविवारची सकाळ यासाठी चांगली. एकाने मीटरपाशी घड्याळ घेऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने घरात बटणे सांभाळावीत. आधी सर्व बंद करावे, फ्रिजसुद्धा. नंतर एकच उपकरण लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजावे. मीटरवरचा आकडा ३२०० असेल तर मिनिटातील लुकलुकींना १८.७५ ने गुणले की त्या उपकरणाचे वॉट मिळतात. आकडा १६०० असेल तर ३७.५ ने गुणावे. कूलर लावल्यावर ३२०० च्या मीटरवर मिनिटाला बारा लुकलुकी मोजल्या तर तो २२५ वॉट घेतो आहे. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर तोच दिवा इतक्या वेगाने लुकलुकू लागतो की मोजताना बोटे चुकतात. ऐंशीच्या आसपास लुकलुकी म्हणजे १५०० वॉट. माझ्या मुलीने हे एकदा स्वतः मोजले आणि तेव्हापासून खोलीबाहेर पडताना एसी बंद करण्याची आठवण तिला करून द्यावी लागली नाही.

या मोजणीत एक गोष्ट हमखास निघते. सगळे 'बंद' असतानाही दिवा मंदपणे लुकलुकत राहतो. सेट-टॉप बॉक्स, वाय-फायचा राउटर, इन्व्हर्टर, रिमोटने बंद केलेला टीव्ही ही सारी मंडळी जागीच असतात. ती मिळून ३० वॉट घेत असतील तर वर्षाचे २६३ युनिट होतात, आणि माझ्या घराच्या हिशेबात ते नऊ टक्के आहे. सेट-टॉप बॉक्सचे बटण रात्री भिंतीवरून बंद करण्याला कोणताही खर्च येत नाही.

गॅस आणि पेट्रोल त्याच मापात आणणे

वहीच्या दुसऱ्या पानावर वर्षभरात लागलेले सिलिंडर आणि पेट्रोलचे लिटर लिहावेत. वेगवेगळ्या इंधनांची बेरीज करायची तर समान माप हवे, आणि सर्वांत उपयोगी माप म्हणजे त्यांच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड. आकडे लक्षात ठेवण्यास सोपे आहेत: जाळ्यातल्या विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो, पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो, डिझेलमागे २.७ किलो, आणि १४.२ किलोच्या एका गॅस सिलिंडरमागे ४२ किलोच्या आसपास.

माझ्या घरी वर्षाला नऊ सिलिंडर आणि स्कूटरला २४० लिटर पेट्रोल लागते. विजेचे २०४४ किलो, गॅसचे ३७८ आणि पेट्रोलचे ५५२ मिळून सुमारे तीन टन झाले. यात तीन भागांपैकी दोन भाग विजेचे आहेत. गॅसवरचे दूध उतू जाऊ नये म्हणून धावणारे आपण विजेबाबत मात्र निवांत असतो, कारण विजेचा धूर आपल्या स्वयंपाकघरात येत नाही.

या मापाने पाहिले की काही रूढ समजुती तपासून घ्याव्या लागतात. गॅस सोडून इंडक्शनवर स्वयंपाक करणे पर्यावरणपूरक आहे असे सरसकट सांगितले जाते. इंडक्शनची कार्यक्षमता गॅसच्या शेगडीपेक्षा खरोखरच बरीच जास्त असते, तरी एका सिलिंडरइतका स्वयंपाक करायला सुमारे १२० युनिटे लागतात आणि आजच्या कोळशाच्या विजेवर त्यातून ८४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे गॅसच्या दुप्पट. तो घरात निघत नाही, कोराडीत किंवा चंद्रपुरात निघतो, एवढाच फरक. दुपारी स्वतःच्या छतावरची सौरवीज वापरून इंडक्शन चालवले तर गोष्ट वेगळी. याउलट विजेवरची स्कूटर आजच्या विजेवरही फायद्याची ठरते: शंभर किलोमीटरला पेट्रोल स्कूटर दोन लिटर पिते आणि साडेचार किलोहून थोडा अधिक वायू सोडते, तर विजेची स्कूटर चार्जिंगमधली गळती धरूनही साडेतीन युनिटांत, म्हणजे अडीच किलोत भागवते. दोन्ही बदल 'विजेकडे वळणे' या एकाच नावाखाली येतात, पण हिशेब मांडल्याशिवाय त्यांतला फरक दिसत नाही.

एका युनिटामागे काय जळते

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के इतके जास्त असते. कोळशापासून एक युनिट वीज करायला सुमारे ६५० ग्रॅम कोळसा लागतो. माझ्या घराची २९२० युनिटे सगळी कोळशातून आली असे धरले तर १९०० किलो कोळसा जळाला आणि साडेसहाशे किलोच्या आसपास राख उरली. तारांमधली गळती यात धरलेली नाही, म्हणजे हा हिशेब हात राखूनच केलेला आहे. साडेसहाशे किलो राख म्हणजे सिमेंटच्या पोत्यांच्या भाषेत तेरा पोती, आणि ती एका चौकोनी कुटुंबाच्या एका वर्षाची.

ही राख जाते कुठे, हे नागपूरला चांगले ठाऊक आहे. काही भाग विटा, सिमेंट आणि रस्त्यांच्या भरावात जातो. उरलेली पाण्यात कालवून मोठ्या राख बंधाऱ्यांत साठवली जाते. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल आजूबाजूच्या शेतांत व नाल्यांत पसरला. कोरड्या दिवसांत हीच राख वाऱ्यावर उडते. धुराड्यातून निघणारे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, अतिसूक्ष्म कण आणि पारा यांचा हिशेब आणखी वेगळा. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कडक मानके जाहीर केली, पण त्यांच्या अंमलबजावणीची मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. केंद्रांना थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी हाही मोठाच खर्च आहे. या एका बाबतीत नागपूरने केलेले काम नोंद घेण्याजोगे आहे: रोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या भांडेवाडीतल्या प्रकल्पात शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या केंद्राला दिले जाते, आणि तेवढे धरणाचे पाणी वाचते.

कोळशाऐवजी दुसरा कोणताही स्रोत घेतला तरी खर्च शून्य होत नाही. जलविद्युतीसाठी दऱ्या आणि गावे पाण्याखाली जातात, अणुवीज धूर सोडत नाही पण तिचा कचरा पिढ्यान्पिढ्या सांभाळावा लागतो, मोठे सौर प्रकल्प जमीन मागतात. म्हणून 'स्वच्छ वीज' हा शब्द मी जपून वापरतो. न वापरलेल्या युनिटाइतके स्वच्छ युनिट दुसरे नसते.

आणि वापर तर जगभर वाढतोच आहे. २०२४ मध्ये जगाची विजेची मागणी चार टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच वर्षी जगातील चाळीस टक्क्यांहून जास्त वीज सौर, पवन, जल, जैविक आणि अणुस्रोतांतून आली, आणि त्याच वर्षी कोळशाचा वापरही आजवरच्या उच्चांकावर, ८.८ अब्ज टनांच्या आसपास पोहोचला. या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत, हे नीट समजून घ्यायला हवे. नवे स्रोत येत आहेत ते बऱ्याच अंशी वाढीव मागणी भागवण्यात खर्ची पडत आहेत, जुन्याची जागा घेण्याइतके उरत नाहीत. मागणी वाढण्यामागे नवे कारखाने, विजेवरची वाहने आणि डेटा सेंटर आहेत, पण उष्ण देशांत थंडावा हेही मोठे कारण ठरते आहे. भारताची विजेची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॉटवर गेली. तारीख पाहावी: नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता. २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तापमानापेक्षा दीड अंशाहून अधिक गरम नोंदले गेलेले पहिले वर्ष ठरले. उकाडा वाढला की एसी वाढतात, एसी वाढले की कोळसा वाढतो, आणि कोळसा वाढला की उकाडा वाढतो.

याचा अर्थ गरिबाने उकाड्यात बसावे असा मुळीच नाही. भारतीय माणूस सरासरीने वर्षाला १४०० युनिटांच्या आसपास वापरतो, आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. ज्यांच्या घरी आजही एकच पंखा आहे त्यांचा वापर वाढायलाच हवा. त्यासाठी जागा करून देण्याचे काम आपल्यासारख्यांचे आहे, ज्यांच्या मे महिन्याच्या बिलावर चारशे-पाचशे युनिटे असतात.

उन्हाला बाहेरच थांबवणे

मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या छताला आतून हात लावून पाहावा. दिवसभर तापलेला स्लॅब त्या वेळीही कोमट तव्यासारखा लागतो आणि पहाटेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. एसी त्या स्लॅबशी झुंजत असतो, खोलीतल्या हवेशी नव्हे. म्हणून पहिला खर्च गच्चीवर करावा.

फेब्रुवारीअखेर गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्याव्यात. भाजलेला चुना रात्रभर पाण्यात विरवावा, गाळून घ्यावा, त्यात चिकटपणासाठी पांढरे सिमेंट किंवा डिंकासारखा पदार्थ मिसळावा आणि रुंद ब्रशने आडवे-उभे असे दोन हात द्यावेत. चुना विरवताना उकळतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय आणि लहान मुलांना दूर ठेवल्याशिवाय हे काम करू नये. पावसाळ्यात हा थर बराचसा धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी द्यावा लागतो. परवडत असेल तर उष्णता परावर्तित करणारा तयार पांढरा रंग काही वर्षे टिकतो. पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून हिरवी जाळी किंवा तट्ट्या लावणे अधिक उपयोगी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही. दुपारी खिडक्या बंद आणि पहाटे सताड उघड्या, हा आपल्या आजी-आजोबांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

कूलर

कूलरला कमी लेखू नये. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषून घेते, आणि मे महिन्यातली नागपूरची कोरडी हवा ही वाफ तत्परतेने उचलते. त्यामुळे दोनशे वॉटचा कूलर इथे जे काम करतो ते मुंबईच्या दमट हवेत कधीच करू शकत नाही. इन्व्हर्टर एसी रात्री तासाला सरासरी ०.८ युनिट घेत असेल तर कूलर ०.२ घेतो.

मात्र तो नीट लावला पाहिजे. कूलर खिडकीबाहेर असावा, त्याला बाहेरची कोरडी हवा मिळावी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडे असावे. बंद खोलीत तासाभरातच ओलावा साचतो आणि अंग चिकट होऊ लागते. 'आमचा कूलर लागत नाही' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत हवेला बाहेर जायला वाट नसते. ताट्या दरवर्षी मार्चमध्ये बदलाव्यात. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असल्याने ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो, मधली भोके बुजतात आणि पाणी एकाच बाजूने वाहू लागते. वाळ्याच्या असोत वा गवताच्या, संपूर्ण ताटी सारखी ओली दिसली पाहिजे. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, नाहीतर डासांची पैदास होते. पाणी भरताना प्लग काढूनच भरावे आणि अर्थिंग वायरमनकडून दरवर्षी तपासून घ्यावे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने जीव जातात. आणि पाण्याचाही हिशेब ठेवावा, किती बादल्या लागल्या ते वहीत लिहावे, कारण नळाचे पाणीही पेंचहून आणि कन्हानहून येते.

जूनच्या मध्यात मृग बरसला की हवा दमट होते आणि कूलर निकामी ठरतो. एसी तेव्हा लावावा, २६ अंशांवर, पंख्यासोबत. एक अंश वाढवला की वीज सुमारे सहा टक्के वाचते.

पंखा, गिझर आणि बाकीचे

उपकरणांत सर्वांत लवकर पैसे फेडणारा बदल पंख्याचा आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज चौदा तास आणि वर्षाचे नऊ महिने चालणाऱ्या एका पंख्यामागे १७० युनिटे वाचतात. घरातले सगळे पंखे एकदम बदलू नयेत. ज्या दोन खोल्यांत माणसे खरोखर बसतात-झोपतात तिथले बदलावेत. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काहीच साधत नाही.

गिझरला हिवाळ्यात पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्धे युनिट लागते. एकामागून एक आंघोळी केल्या तर पाणी निवून पुन्हा तापवावे लागत नाही. दिवे एलईडी नसतील तर बदलावेत. फ्रिज भिंतीपासून चार बोटे दूर असावा.

शेवटी सौर

वरील बदलांनंतर एक उन्हाळा जाऊ द्यावा आणि मग नवा वार्षिक आकडा घेऊन सौर पॅनेलचा आकार ठरवावा. माझ्या घराचा आकडा २९२० वरून २२०० वर आला. नागपुरात एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास देते, म्हणजे वर्षाला १४०० ते १४५०. पूर्वी मला दोन किलोवॉटही अपुरे पडले असते, आता दीड ते दोन किलोवॉट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः करावा, विक्रेता यादीतला आहे याची खात्री करावी आणि नेट मीटर, म्हणजे घरात येणारी व बाहेर जाणारी वीज मोजणारे मीटर, बसेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

जागा पाहताना सावलीची परीक्षा स्वतः घ्यावी. २२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीइतकीच लांब उत्तरेकडे पडते. सकाळ-संध्याकाळी ती आणखी लांबते. मे महिन्याच्या अखेरीस मात्र सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. एका परिचिताच्या गच्चीवर मे महिन्यात पाहणी होऊन पॅनेल पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला बसवले गेले. तेव्हा सगळीकडे लख्ख ऊन होते, आणि डिसेंबरात पॅनेलची एक रांग दुपारी तीनपर्यंत सावलीत राहू लागली. म्हणून टाकी, जिना आणि शेजारच्या इमारतीची उंची मोजून तेवढे अंतर उत्तरेकडे मोकळे सोडावे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून वीस अंशांच्या आसपास कलते असावेत.

पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. २५ अंशांवरच्या प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि मेमध्ये पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांवर जातो. त्यामुळे मेचा आकडा मार्चपेक्षा कमी आला तर बिघाड समजू नये. खालून हवा खेळेल इतकी उंची मात्र सुरुवातीलाच ठेवावी. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूच्या वस्त्यांत धुळीचा थर लवकर बसतो, तिथे आठवड्याला आणि इतरत्र पंधरा दिवसांनी, सूर्य वर येण्याआधी, मऊ कापडाने व साध्या पाण्याने पॅनेल पुसावेत. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये. पंचवीस-तीस वर्षांनी पॅनेल निकामी होतील तेव्हा ते भंगारवाल्याकडे जाऊ नयेत. २०२२ च्या नियमांनुसार सौर पॅनेल ई-कचऱ्यात मोडतात, म्हणून खरेदीची पावती आणि मॉडेल क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवावेत.

पॅनेल बसल्यावरही हिशेब थांबवू नये. नेट मीटरवर आत आलेली आणि बाहेर गेलेली युनिटे वेगळी दिसतात. छतावर तयार झालेल्या युनिटांतून बाहेर गेलेली वजा करून त्यात आत आलेली मिळवली की घराचा खरा वापर कळतो. बिल शून्याच्या जवळ आले तरी हा आकडा वाढत असेल, तर रात्री आपण पुन्हा कोळशाचीच वीज अधिक ओढू लागलो आहोत, कारण छतावरची वीज दिवसाच तयार होते. कपडे धुण्याचे यंत्र, पंप आणि मिक्सर दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान चालवावेत. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मीटर वाचून तीन रकाने भरावेत: आत आलेली युनिटे, बाहेर गेलेली युनिटे आणि त्या महिन्यात पारा ४२ अंशांवर गेलेले दिवस. हा तिसरा रकाना असला की सौम्य उन्हाळ्यामुळे झालेली बचत आणि आपल्या प्रयत्नांनी झालेली बचत वेगळी ओळखता येते.